दर्याने आलेले, डोंगरावरून आलेले

मराठी प्रवाशाच्या लेखी दक्षिण गुजरात हा मुक्कामाचा मुलूख नाही, ओलांडून जाण्याचा आहे. पावसाळ्यात नाशिककर सापुताऱ्याला एक रात्र काढून परततात. मुंबईकर दमणला कशासाठी जातात हे सांगायला नको. आणि अहमदाबाद, केवडिया किंवा सोमनाथला निघालेल्या गाड्यांतले लोक वापी ते भरूच हा पट्टा डुलक्या घेत काढतात. इतिहासाच्या खात्यात सुरतेची लूट तेवढी जमा असते. पर्यटनाच्या जाहिरातींनीही या मुलखाचे तीन तुकडे करून ठेवले आहेत: डांगात धबधबे, नवसारी-उदवाड्याला पारशी वारसा, तिथल-दांडीला समुद्र. तिन्हींची गिऱ्हाइके वेगळी, हंगाम वेगळे आणि माहितीपत्रकेही वेगळी. असे सुटे पाहिले तर यातले एकही ठिकाण फार मोठे वाटणार नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. पण डोंगर, गाव आणि किनारा एका ओळीत पाहिले तर परमुलखातली माणसे कशी येतात, कोणत्या अटींवर राहतात आणि त्यांच्यापैकी कोणाच्या येण्याला पुढे ‘वारसा’ म्हटले जाते, याचा इतका आटोपशीर पुरावा दुसरीकडे सहसा मिळत नाही. या प्रवासाची सुरुवात मी सापुताऱ्यापासून किंवा उदवाड्यापासून करा म्हणणार नाही. कामरेजपासून करा म्हणेन.

कामरेजला पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न सुरतेतला माणूसही विचारील. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, जिथे तापीवरचा पूल लागतो त्याच्या अंगाला हे गाव आहे. आज त्याची ओळख कामरेज चोकडी एवढीच. उड्डाणपुलाखाली रिक्षांची गर्दी, साड्यांच्या गठ्ठ्यांचे टेंपो, नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती, आणि संध्याकाळ झाली की भावनगर, अमरेलीकडे जाणाऱ्या खाजगी लक्झरी बसगाड्यांची रांग. हिऱ्याला पैलू पाडणारा, सुरतेत दोन पिढ्या राहिलेला काठियावाडी माणूस गावाकडे जायचे म्हटले की याच चौकात येऊन उभा राहतो. या चौकाला सौंदर्य म्हणून काही नाही. पण त्याला लागून असलेले जुने कामरेज हे सुरतेहून कितीतरी जुने गाव आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गदर्शिकेत भरूचच्या आखाताच्या तोंडाशी ‘कम्मोनी’ नावाचे गाव येते. ते कामरेज असावे असे अनेक अभ्यासक मानतात. सातव्या-आठव्या शतकांतल्या लाट चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ नावाचा आहार, म्हणजे महसुली विभाग आहे; तो याच गावावरून ओळखला जात होता. २००३ च्या सुमारास तापीकाठच्या टेकाडावर उत्खनन झाले, तेव्हा इतिहासकाळाच्या सुरुवातीची वस्ती आणि भारताबाहेरून आलेल्या भांड्यांचे तुकडे मिळाले. थोडक्यात, सुरतेचे नावही कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा परदेशी माल तापीतून वर येऊन कामरेजला उतरत होता. पुढे गलबते मोठी झाली, नदी गाळाने भरत गेली, आणि बंदर खाली सरकत आधी रांदेरला, मग सुरतेला, मग सुवाळीला आणि आता हजिऱ्याला गेले. कामरेजचे बंदर गेले, पण नाका राहिला. माणसे तेव्हा नावेने येत, आता बसने येतात.

हे सगळे एका मुलखात का घडले याचे उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचे उत्तर टोक इथे समुद्रापासून फार लांब नाही. डांगच्या डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. इथला दगड आपल्याच दख्खनचा काळा पाषाण, थरावर थर बसलेला. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो आणि नदीला पायऱ्या पडतात. या पायऱ्या म्हणजेच धबधबे. वघईजवळ अंबापाड्याशी अंबिका नदीवर गिरा धबधबा आहे. तो उंचीपेक्षा रुंदीने मोठा आहे. ऑगस्टमध्ये नदीच्या अख्ख्या पात्राचे गढूळ, चहाच्या रंगाचे पाणी एकदम खाली येते. काठावर बांबूच्या टपऱ्यांत भाजलेली मक्याची कणसे आणि नागलीचे पदार्थ विकायला बसलेल्या बायका कुकणा-डांगी बोलत असतात, आणि खानदेशी माणसाला ते बोलणे दुभाष्याशिवाय समजते. सुबीर भागातला गिरमाळचा धबधबा उंच आणि निमुळता आहे. मार्चमध्ये गेलात तर दोन्हीकडे नुसता खडक दिसेल. हाच झिजलेला काळा दगड नद्यांबरोबर खाली जातो. तिथलच्या किनाऱ्यावरची वाळू काळी का, असे वलसाडला जाणारा प्रत्येक जण विचारतो. डांग पाहून आलेल्याला तो प्रश्न पडत नाही.

या नद्या आखूड आहेत, पण प्रत्येकीने आपापल्या मुखाशी एक गाव उभे केले आहे. अंबिकेने बिलिमोरा, पूर्णेने नवसारी, औरंगेने वलसाड, कोलकने उदवाडा, दमणगंगेने दमण, वारोलीने संजाण. कारण उघड आहे. खंबातच्या आखाताच्या भरती-ओहोटीचा पल्ला देशात सर्वांत मोठा. उघड्या किनाऱ्यावर गलबत लावणे म्हणजे ओहोटीला चिखलात रुतणे. त्यामुळे नावा भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरत आणि आत, वाऱ्यापासून आडोशाला माल उतरवत. वरून नदी सागवान, बांबू, मध, डिंक आणि लाख यांचा मुलूख खाली आणून जोडत होती, समोरून समुद्र इराण, अरबस्तान आणि आफ्रिका जोडत होता. जहाज बांधायला सागवान लागते आणि सागवान डांगात होते, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी धबधबा आणि बंदर यांचा धागा जुळतो.

आता पाहुण्यांकडे येऊ. पारशांच्या आगमनाची कथा सर्वांना तोंडपाठ आहे. राजा जादी राणाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला, जागा नाही असे सुचवले. पारशी धर्मगुरूने त्यात साखर विरघळवली आणि दूध सांडले नाही. कथा गोड आहे. पण १५९९ मध्ये नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने फारसीत रचलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या काव्यात, म्हणजे या आगमनाच्या सर्वांत जुन्या सविस्तर वृत्तांतात, दूध-साखर नाहीच. तिथे आहेत त्या अटी. तुमचा धर्म काय ते समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने सूर्य मावळल्यावर लावा. हे स्वागत कमी आणि करारनामा जास्त आहे. किस्सा आगमनानंतर शतकानुशतकांनी लिहिला गेला, आगमनाची तारीखही आठव्या शतकापासून दहाव्यापर्यंत वेगवेगळी मानली जाते, त्यामुळे त्यातला शब्दन् शब्द इतिहास म्हणून घेता येत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण स्वतः पारशांनी आपली आठवण अटींच्या रूपात जपली, हे महत्त्वाचे. दूध-साखरेच्या कथेत पाहुणा गोड असतो आणि यजमान उदार. अटींच्या कथेत दोघेही व्यवहारी आहेत, आणि मला ती अधिक खरी वाटते.

तिला आधारही आहे. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झाले, त्यात मुंबई-पुण्याच्या पुरातत्त्वज्ञांचा मोठा वाटा होता. पश्चिम आशियातली चकाकीची भांडी, काच, चिनी मातीची भांडी असा माल तिथे निघाला. म्हणजे पारशी एखाद्या ओसाड किनाऱ्यावर वादळाने फेकले गेले नव्हते, ते चालत्या बंदराच्या आसऱ्याला आले. त्याहून बोलका पुरावा डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला मिळालेल्या ताम्रपटांत आहे. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरब मुसलमानाकडे होता. महंमद हे त्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असे संस्कृत होऊन आले आहे. त्याने नद्यांवर फुकट तरी सुरू केली, संजाणला साळीचा भात, कालवण आणि तूप मिळणारे अन्नछत्र घातले, आणि त्याच्याच कारकिर्दीत देवीच्या मठाला दान लावून दिल्याची नोंद आहे. आता याच्या शेजारी दुसरा ताम्रपट ठेवा. इ.स. ७३९ चा, नवसारीचा. त्यात चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रय याने ताजिकांची स्वारी उधळून लावली म्हणून त्याचा गौरव आहे. त्याच पट्ट्यात, दोनशे वर्षांच्या आत, ज्यांना तलवारीने परतवले त्यांच्यापैकीच एक जण सुभेदार होऊन भात-तुपाचे अन्नछत्र चालवतो. इथे कोणाचे मन एकाएकी मोठे झाले नव्हते. बंदर चालवायला समुद्रापलीकडची ओळख लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याला जागा मिळते, इतका तो सरळ व्यवहार होता.

या मुलखाला एकच प्रवासमार्ग सुचवायचा तर तो आधीच आखून ठेवलेला आहे, आणि आखणारे पर्यटन खाते नाही. संजाणला पारशांनी स्थापन केलेला पवित्र अग्नी, इराणशाह, संजाण पडल्यावर हलवावा लागला. परंपरेप्रमाणे तो बारा वर्षे बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत होता. ही गुहा आपल्याच पालघर जिल्ह्यात, घोलवड-बोर्डीच्या पाठीशी आहे. तिथले चिकू बाजारात मिरवतात, गुहेची वाट मात्र फार थोड्यांना ठाऊक. तिथून अग्नी गेला वांसद्याला, म्हणजे डांगच्या उंबरठ्यावर, आणि चौदा वर्षे राहिला. मग चांगा आसा या पुढाऱ्याच्या खटपटीने नवसारीला आला. अठराव्या शतकातल्या धामधुमीत काही वर्षे सुरतेत ठेवला गेला, पुन्हा नवसारी, मग पुरोहितांच्या दोन गटांच्या भांडणातून वलसाड, आणि १७४२ मध्ये उदवाडा. किनारा, डोंगर, जंगलाची कड, खाडीकाठचे शहर आणि पुन्हा किनारा. संकटात समुद्राकडून आलेल्यांना डोंगराने लपवले, स्थिरस्थावर झाल्यावर गावाने सांभाळले. तीन तुकडे म्हणून विकला जाणारा हा मुलूख इराणशाहच्या वाटेवर एक होतो.

उदवाड्याला जाणाऱ्याने एक समजून घ्यावे: पारशी नसलेल्याला अग्यारीत प्रवेश नाही, आणि त्यावर दाराशी वाद घालू नये. पाहायचे ते बाहेर आहे. लाकडी खांबांचे ओटे, बंद दिंड्या, धर्मगुरूंची जुनी घरे, आणि दरवर्षी थोडी थोडी जमीन खाणारा समुद्र. नवसारीला १८७२ पासूनचे मेहरजीराणा ग्रंथालय आहे, अवेस्ता-पहलवी-फारसी हस्तलिखितांसाठी जगभरचे अभ्यासक तिथे येतात. जमशेदजी टाटांचा जन्म याच गावात १८३९ मध्ये झाला. घरे मात्र रिकामी होत आहेत. पारशी इथून मुंबईला गेले, मुंबईहून लंडन-टोरांटोला. स्थलांतरितांच्या गावातून पुढे स्थलांतर झाले की मागे कुलूप उरते, आणि वारसा हा शब्द बहुधा त्या कुलपाला चिकटवला जातो.

सुरतेत याची प्रचिती जास्त येते. इंग्रज, वलंदेज आणि आर्मेनियन यांच्या दफनभूमी पाहण्याजोग्या आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. भाऊ ख्रिस्तोफरसह त्याचे थडगे घुमट-कमानींचे, दुमजली, दुरून एखाद्या मोगल सरदाराचे वाटावे असे आहे. वलंदेजांनी त्यावर कडी करायला आपल्या हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडचे थडगे उभे केले. हा तोच माणूस, ज्याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. येथे दफन झालेले बहुतेक जण सुरतेत राहायला नव्हे, कमवायला आले होते, आणि तरी सर्वांत उंच घुमट त्यांचेच. तापीपलीकडचे रांदेर मला याहून जिवंत वाटते. सुरतेच्या आधीचे हे बंदर पोर्तुगीजांनी १५३० मध्ये जाळले, तरी इथले सुन्नी व्होरा व्यापारी पुढे ब्रह्मदेशात जाऊन गबर झाले, रंगूनच्या पैशावर इथे हवेल्या बांधल्या, आणि परतताना खावसा घेऊन आले: नारळाच्या दुधाची कढी, शेवया, वर तळलेला लसूण आणि कुरकुरीत चुरा. रांदेरच्या गल्लीत वाडगाभर खावसा खाल्ला की जाणे आणि येणे यांच्यातली रेघ पुसट होते. दमणबद्दल एवढेच, की चारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरात संपवली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने. मोटी दमणच्या तटबंदीतून फिरणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी कितींना हे माहीत असते?

इथपर्यंतचे वाचून कोणी म्हणेल की ही सगळी दर्याने आलेल्या, बऱ्यापैकी पैसेवाल्या लोकांची गोष्ट झाली. ज्यांच्या डोंगरात ते धबधबे आहेत त्यांचे काय? हा आक्षेप खोडता येत नाही, आणि खोडायचा नाहीच. उलट या प्रवासाचा खरा अर्थ तिथे सुरू होतो. डांगचे भिल्ल राजे एके काळी खालच्या गायकवाडी मुलखातल्या गावांकडून ‘गिरास’ नावाचा हक्क वसूल करत. म्हणजे डोंगर मैदानाकडून घेत होता. १८४२ मध्ये इंग्रजांनी जहाजांसाठी सागवान हवे म्हणून या राजांशी जंगलाचे पट्टे केले आणि घेण्याची दिशा उलटली. आज होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, पाच राजघराण्यांच्या वारसांना सरकार समारंभाने सालियाना देते, आणि पर्यटक त्यांच्या बग्ग्यांचे फोटो काढतात. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगच्या लोकांकडून वडीलधाऱ्यांच्या गोष्टी गोळा करून त्यावर ‘हायब्रिड हिस्टरीज’ हा ग्रंथ लिहिला. त्यात इंग्रज येण्याआधीचा काळ मोकळा आणि नंतरचा बांधलेला, अशी डांगी माणसाची विभागणी स्पष्ट दिसते. सालियान्याचा समारंभ पाहताना ती आठवावी.

डोंगरातला माणूस आता दर वर्षी खाली येतो, कोयता घेऊन. बारडोलीला १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ दक्षिण गुजरातेत अनेक झाले. कामरेज तालुक्यातही आहे. ऊसतोडीला माणसे येतात ती डांग, तापी जिल्हा, आणि आपल्या नंदुरबार, धुळे, नाशिकच्या आदिवासी पाड्यांतून. पद्धत महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायची गरज नाही: मुकादम पावसाळ्यात उचल देतो, नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता, आणि हंगामभर उघड्या रानात, प्लास्टिकच्या पालात बिऱ्हाड. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातेतल्या शेतमजुरांचा आणि ऊसतोड कामगारांचा पिढ्यानुपिढ्या अभ्यास केला. त्याने दाखवून दिलेली एक गोष्ट फार अस्वस्थ करणारी आहे: स्थानिक हळपती मजूर हाताशी असतानाही बाहेरचे मजूर आणले जातात, कारण बाहेरचा माणूस अडवणूक करू शकत नाही. म्हणजे इथेही अटी आहेतच. फरक असा, की जादी राणाच्या अटी पारशांनी ऐकल्या, त्यावर उत्तर दिले, आणि त्या मान्य केल्या. ऊसतोड्याला अटी विचारून कोणी घालत नाही.

आपण मराठी माणसे या गोष्टीत कुठे बसतो? दोन्हीकडे. १६६४ आणि १६७० मध्ये आलो ते तलवार घेऊन. पुढे पिलाजी गायकवाडांनी सोनगडला बस्तान बसवले, आणि नवसारी प्रांत बडोदे संस्थानात गेला. कामरेज हा त्याचाच एक महाल. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि ग्रंथालये इथवर आली. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे १९१३ ची, तीही गायकवाडांचीच. ती डांगचे लाकूड खाली आणायला टाकली होती. आता वातानुकूलित डबा जोडून पर्यटकांना वर नेते. करोनात बंद पडलेली गाडी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि या मुलखाचे एकपण समजून घ्यायला तिच्याइतके सोयीचे वाहन नाही, कारण ती खाडीपासून धबधब्यापर्यंत जाते. राज्यकर्ता म्हणून येण्याचा हा अध्याय १९४९ ला संपला, पण येणे थांबले नाही. ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला होता, आणि यंत्रमागांनी हाक दिली. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत आज अहिराणी सर्रास ऐकू येते, कानबाईचा उत्सव होतो, खानदेशी मुळांचे पाटील-चौधरी निवडून येतात. नवसारी मतदारसंघाचे खासदार चंद्रकांत पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले. दिंडोलीवरून १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींची दांडीयात्रा गेली, तेव्हा ते एक खेडे होते. या रेल्वेवर नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एका बाकाच्या मधून राज्याची सीमा जाते आणि लोक दोन्ही बाजूंना बसून फोटो काढतात. त्याच फलाटावरून सुरतेला कामाला निघालेला माणूस त्या बाकाकडे बघतही नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो. यंत्रमागांच्या वस्त्या आणि ऊसतोड्यांची पाले ही काय पाहायला जायची ठिकाणे आहेत? दारिद्र्याचा तमाशा करायचा का? मुळीच नाही. लिंबायतला सहल काढा असे मी सुचवत नाही, आणि पालासमोर कॅमेरा काढणाऱ्याला कोणी हाकलले तर ते योग्यच होईल. माझे म्हणणे इतकेच की उदवाड्याचा ओटा पाहताना ज्या कुतूहलाने आपण ‘हे लोक कुठून आले, कसे टिकले’ असे विचारतो, तेच कुतूहल रस्त्यात भेटणाऱ्या चहावाल्याबद्दल, गाडीवानाबद्दल, कोयत्याच्या जोडीबद्दल असावे. हजार वर्षांपूर्वी संजाणला उतरलेले लोक त्या दिवशी कोणाला वारसा वाटले नसणार. फाटक्या शिडाचे, अनोळखी भाषेचे, जागा मागणारे लोक वाटले असणार. आणि हा प्रदेश नेहमीच दूध-साखरेने वागला असेही नाही. १९९२-९३ ची सुरतेची दंगल अनेकांना आठवते. २०२० च्या टाळेबंदीत घरी जाऊ द्या म्हणून परप्रांतीय कामगार सुरतेच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हा त्यांच्या घामावर उभ्या असलेल्या शहराला ते एकदम परके झाले होते. व्यवहार होता तोवर जागा होती. संजाणच्या ताम्रपटातले तत्त्व हेच, फक्त त्याची दुसरी बाजू.

तिसरा आक्षेप साधा आहे, आणि तो बहुतेकांच्या मनात असणार. धबधबे पाहायचे तर भंडारदरा-आंबोली काय वाईट, आणि कोकणचा किनारा सोडून तिथलची काळी वाळू कोण पाहायला जाईल? खरे आहे. इथले पाणी गढूळ, ओहोटीला चिखल, पोहण्याची सोय जवळपास नाही. सुटीच्या दिवशी डुमसला भज्यांच्या गाड्या आणि गोंगाट फार. सौंदर्याच्या स्पर्धेत हा किनारा मागे पडेल. तो किनारा पाहायचा ते तिथे काय उतरले हे कळण्यासाठी. सुवाळीला १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवले आणि सुरतेत वखारीची वाट मोकळी झाली. दांडीला १९३० मध्ये मूठभर मिठाने त्या वखारीच्या वारसांना आव्हान दिले. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. आणि धबधब्यांबद्दल एक गोष्ट जाहिरातीत नसते: पार-तापी-नर्मदा नदीजोड योजनेत याच डोंगरात धरणे होणार होती, डांग-वलसाडच्या आदिवासींनी मोठे मोर्चे काढले, आणि २०२२ मध्ये गुजरात सरकारला ती रद्द करत असल्याचे जाहीर करावे लागले. तापीवर उकाई धरण झाले तेव्हा विस्थापित कोण झाले, हे त्यांना ठाऊक होते.

प्रत्यक्ष जायचे तर माझ्या मते एकच योग्य वेळ आहे: दिवाळीच्या आसपास. नाशिककडून येणाऱ्याने सापुतारा-वघई उतरून बिलिमोऱ्याला यावे, मुंबईकडून येणाऱ्याने बहरोट-संजाणपासून उदवाडा, तिथल, नवसारी, दांडी असे वर सरकावे, खानदेशकरांना नवापूर-सोनगडचा रस्ता आहेच. पण सुरुवात म्हणा किंवा शेवट म्हणा, एक संध्याकाळ कामरेजच्या नाक्यावर काढावी. पावसाळा संपलेला असतो, गिरा धबधब्याला अजून पाणी असते, समुद्र शांत झालेला असतो. हिऱ्याचे कारखाने सुटीसाठी बंद होतात आणि चोकडीवर सौराष्ट्राकडे जाणाऱ्यांची तोबा गर्दी उसळते. ती ओसरते न ओसरते तोच साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, आणि डांग-नंदुरबारकडून भांडीकुंडी, पोरेबाळे, कोंबड्या आणि कोयते भरलेले ट्रक याच महामार्गाला लागतात.